बंबखान्याचा चार्ज

"तुम्ही इथे आहात की नाही, एवढंच ठरायचं राहिलंय," मालमत्ता विभागाचे साहेब म्हणाले.

हे त्यांनी ऑपरेटर बाईंच्या टेबलाला टेकून, बाईंनीच केलेला चहा पीत सांगितलं. बाई समोर खुर्चीत बसल्या होत्या. आपण इथे आहोत याविषयी निदान त्या सकाळपर्यंत तरी त्यांना शंका आलेली नव्हती.

साहेबांच्या मागे सल्लागार उभा होता. नगरपालिकेने तो बाहेरून आणला होता, कारण आतल्या माणसांचा सल्ला फुकट मिळत असल्यामुळे त्यावर कुणाचा विश्वास नव्हता. लॅपटॉप उघडाच तळहातावर तोलून तो अटी वाचून दाखवत होता. शहराच्या मालकीच्या, पडून असलेल्या जुन्या इमारतींना नवं आयुष्य द्यायला वरून अनुदान मिळणार होतं. इमारत पूर्णपणे वापराबाहेर गेलेली असावी, अशी एक अट होती. इमारतीचं लोकांशी जिवंत नातं असावं, अशी दुसरी. दोन्ही अटी एकाच पानावर राहत होत्या आणि एकमेकींना ओळख दाखवत नव्हत्या.

"म्हणजे मी असले तर पहिली अट मोडते," बाई म्हणाल्या, "आणि नसले तर दुसरी."

"करेक्ट," सल्लागार म्हणाला. ढ विद्यार्थिनीला शेवटी गणित सुटावं तसा त्याचा चेहरा खुलला.

"मग मी काय करू?"

"तुम्ही काहीच करू नका," साहेब म्हणाले. "आम्ही बसवतो तुम्हाला कुठेतरी."

इमारत जुन्या अग्निशमन केंद्राची होती. शहरात तिला एवढं लांबलचक कोणी म्हणत नसे. सगळे बंबखाना म्हणत. पुढे तीन लाल दरवाजे, प्रत्येक एकेक गाडी बाहेर पडेल एवढा. मागे होजपाइप सुकत घालायचा उंच मनोरा. बाजूला टेलिफोनची खोली. बऱ्याच वर्षांपूर्वी बायपासवर नवं केंद्र झालं, तेव्हा गाड्या गेल्या, माणसं गेली, घंटासुद्धा गेली. टेलिफोन गेला नाही. तो हलवण्याचा विषय टेलिफोन खात्यात होता, आणि त्या खात्यात तो विषय माहीत असलेली माणसं एकेक करून निवृत्त झाली होती. नवा नंबर आला होता. पण शाळांच्या भिंतींवर, दवाखान्यांच्या जिन्यांत, थिएटरांच्या दारांवर जुनाच रंगवलेला होता, आणि घर पेटलं की माणूस समोर दिसेल तोच नंबर फिरवतो. त्यामुळे फोन इथे वाजे, बाई तो घेत, आणि वायरलेसवरून बायपासला कळवत. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, ही म्हण नगरपालिकेने अशी रीतसर अमलात आणली होती.

फोन बहुतेक साधे असत. किल्ली आत आणि आपण बाहेर. गॅसचा वास येतोय, किंवा आल्यासारखा वाटतोय. मांजर टाकीवर चढलंय आणि उतरायचं नाव घेत नाही. बाई आधी पत्ता विचारत. घाबरलेला माणूस पडदा कसा पेटला, चूक कुणाची, जाऊबाईंना आपण किती वेळा बजावलं होतं, हे सगळं सविस्तर सांगतो आणि फोन ठेवून देतो. "पत्ता सांगा, आधी पत्ता," हे बाई इतक्या सपाट आवाजात म्हणत की रडणाऱ्यालाही रडणं बाजूला ठेवावं लागे. नवऱ्याचा फोन आला तरी तोंडून आधी तेच निघे. नवरा लांबच्या शहरात पंप विकणाऱ्या कंपनीत होता आणि महिन्याकाठी घरी येई. "तुझ्याच घरचा गं," तो म्हणे.

बाईंना ही नोकरी हवी होती, आणि ती इथेच हवी होती. त्याचं कारण खिडकी. खुर्चीतून मान जराशी वळवली की रस्त्यापलीकडचं टेलरचं दुकान दिसे, दुकानाच्या वर बाईंच्या घराची गॅलरी दिसे, आणि गॅलरीत सासरे दिसत. दिसले नाहीत, तर ते इकडेच यायला निघालेले असत.

सासरे याच बंबखान्यात लीडिंग फायरमन होते. अख्खा रस्ता त्यांना लीडिंग म्हणे. आता मुलाचं नाव त्यांना एखाद्या दिवशी आठवे, एखाद्या दिवशी नाही. जेवण झालं का, हे ते रिकाम्या ताटाकडे बघून ठरवत. पण सकाळी पायजम्यावर खाकी कोट चढवून, बूट घालून, रस्त्यात इकडे-तिकडे न बघता ते सरळ ड्यूटीवर येत. मधल्या दरवाजामागच्या बाकावर बसत. बाई उठल्या की त्यांच्याबरोबर घरी जात. बाईंना या व्यवस्थेबद्दल तक्रार नव्हती. घरात म्हातारं माणूस सांभाळायला बाई ठेवणं त्यांना परवडलं नसतं. इथे नगरपालिका नकळत सांभाळत होती.

मागे एकदा बाईंना ट्रेनिंगसाठी बायपासवर बोलावलं होतं. टेलिफोनच्या खोलीला कुलूप बघून लीडिंग पुढे चालत गेले, ते भर चौकात सापडले. बंबाला वाट करून द्यायला दोन्ही हात पसरून त्यांनी चारी बाजूंची वाहनं थांबवली होती. लोक हॉर्न वाजवत होते, आणि हॉर्नमुळे त्यांची खात्री पटत चालली होती. एका ट्रकचा आरसा कानाला घासून गेला होता. तेव्हापासून बदली हा शब्द निघाला की बाईंना तो चौक दिसे. बायपासला दोन बस बदलून जावं लागतं. तिथून गॅलरी दिसत नाही.

म्हणून त्यांनी साहेबांना सरळ विचारलं, अनुदान मिळालं तर माझं काय?

"अजून मिळालंय कुठे?"

"नाही मिळालं तर?"

"तर इमारत धोकादायक म्हणून पाडावी लागेल. मग तुमची बदली."

"आणि मिळालं तर?"

"तर इथे काम निघेल. कामात तुम्ही कुठे बसणार? मग तुमची बदली." साहेबांनी कप खाली ठेवला. "पण त्या बदलीत आणि या बदलीत फरक आहे. ती नामुष्कीची, ही विकासाची."

रात्री बाईंनी नवऱ्याला हे सगळं सांगितलं. तो सगळं ऐकून म्हणाला की तू बघ, तुला त्यांची भाषा कळते. बाईंना ती कळत नव्हती. पण लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर गैरसमज दूर करत बसण्यात अर्थ नव्हता.

पाहणीचा दिवस ठरला. त्या दिवशी बाई इमारतीत असतील की नाही यावर दोन बैठका झाल्या आणि असं निघालं की असतील, पण वापरात नसतील. फोन एका दिवसापुरता बायपासला वळवला. (तो वळवता येतो, हे बाईंना त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं का नाही वळवला, असं त्यांनी विचारलं. इतकी वर्षं कुणी विचारलं नाही, असं उत्तर मिळालं.) टेबल मागे मनोऱ्याखाली नेलं. बाईंचं नाव ऑपरेटर म्हणून काढून 'परिसरातील महिला' या सदरात टाकलं, आणि घरातली साडी नेसून या, ऑफिसातली नको, असा निरोप आला. बाईंकडे अशा वेगवेगळ्या साड्या नव्हत्या. त्या आहे त्याच साडीत गेल्या.

लीडिंगना मात्र आणायचं नाही, यावर साहेब आणि सल्लागार यांचं प्रथमच एकमत झालं. बाईंनी खालच्या टेलरवहिनींना वर बसवलं. त्यांनी शिवणाचं मशीनच उचलून वर आणलं आणि दारात आडवं मांडलं. "मशीन ओलांडून जातायत का बघू," त्या म्हणाल्या.

ते ओलांडून गेले. झालं असं की समिती यायच्या आधी सल्लागाराला फोटो हवे होते, आणि उजेड आत यावा म्हणून त्याने तिन्ही लाल दरवाजे एकदम उघडले. ते दरवाजे एकदम उघडायची वेळ बंबखान्यात एकच असते. लीडिंगनी ते गॅलरीतून बघितलं. टेलरवहिनींनी नंतर सांगितलं की या वयात माणूस एवढी उडी मारतो हे मी नवऱ्याला सांगितलं तर त्याला खरं वाटणार नाही.

समिती तिघांची होती. दोघे पुरुष आणि एक मॅडम. पुरुष भिंती बघत होते. भिंतीला काही विचारावं लागत नाही. मॅडमचे केस पिकलेले, आखूड कापलेले, गळ्यात रुंद फीत आणि फितीला ओळखपत्र. सल्लागार त्यांना सांगत होता की ही वास्तू पूर्णपणे मृत असून लोकांच्या मनात जिवंत आहे. तेवढ्यात लीडिंग आत आले. त्यांनी सगळ्यांकडे एकदा बघितलं, फितीवर नजर थांबली, आणि ते मॅडमसमोर जाऊन उभे राहिले. बुटाला बूट लागला.

"रिपोर्ट," ते म्हणाले. घरात दोनदा विचारल्याशिवाय न फुटणारा आवाज मनोऱ्यापर्यंत गेला. "गाड्या बाहेर. टाकी भरलेली. होज सुकत घातलेत. गेलेली माणसं परत आली, मोजून घेतली. रिलीव्हर आला नाही साहेब."

मालमत्ता साहेब पुढे झाले आणि म्हणाले की हे स्थानिक नागरिक आहेत. सल्लागार म्हणाला की हे अनियोजित आहे. मॅडमनी दोघांकडे बघितलं नाही. त्या बाईंकडे वळल्या, कारण तिथे चेहऱ्यावर काही लिहिलेलं फक्त बाईंच्याच होतं.

"तुम्ही कोण?"

"मी इथली ऑपरेटर," बाई म्हणाल्या, आणि साहेबांचा चेहरा बघून त्यांनी दुरुस्ती केली. "म्हणजे रोज. आज मी परिसरातली महिला आहे. हे माझे सासरे."

मग बाईंनी सांगितलं ते सगळं मॅडमनी उभ्या उभ्या ऐकलं. बंबखान्याची एक रीत होती. पाळी संपली म्हणून कोणी उठायचं नाही. पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, येणार, रिपोर्ट ऐकणार, 'चार्ज घेतला' म्हणणार, मग उठायचं. मधल्या मिनिटात आग लागली तर ती कुणाची, हा प्रश्न उरू नये म्हणून. लीडिंग निवृत्त झाले त्याच संध्याकाळी हे केंद्र बंद झालं. रात्रपाळी नव्या जागी हजर झाली, आणि इथे त्यांच्याकडून चार्ज घ्यायला कोणी आलंच नाही. ते सकाळपर्यंत बसून राहिले. मुलगा हसत घरी घेऊन आला. तेव्हा डोकं शाबूत होतं, तेही हसले. दुसऱ्या दिवशी चेष्टेने कोट चढवून परत आले, म्हणाले, अजून ड्यूटीवरच आहे मी, ओव्हरटाइम लावा. रोज हीच चेष्टा. पुढे आठवण गेली आणि चेष्टा तेवढी राहिली.

"मी काय म्हणायचं असतं?" मॅडमनी विचारलं.

"चार्ज घेतला."

"मग तुम्हीच का नाही म्हणालात इतकी वर्षं?"

"ऑपरेटरला चार्ज देत नाहीत," बाई म्हणाल्या. हे खरं होतं. एकदा म्हणून बघितलं होतं, तेव्हा लीडिंगनीच ते सुनावलं होतं. दुसऱ्यांदा मात्र बाईंनी म्हणून बघितलं नव्हतं. ड्यूटीवरचा माणूस निदान सापडतो. पण हे काही समितीला सांगण्यासारखं नव्हतं.

मॅडमनी हातातली पाण्याची बाटली साहेबांकडे दिली, पदर नीट केला आणि म्हणाल्या, "चार्ज घेतला. तुम्ही घरी जा."

लीडिंग बराच वेळ त्यांच्या ओळखपत्राकडे बघत राहिले. मग सॅल्यूट केला. तिथेच कोटाचं वरचं बटण सोडलं. दरवाजातून बाहेर पडले, फुटपाथवर थांबले, आणि दोन्ही बाजूंना बघून, साध्या माणसासारखा रस्ता ओलांडून गेले.

काही दिवसांनी साहेब फुलांचा गुच्छ घेऊन आले. बाईंना आयुष्यात पहिला गुच्छ मिळाला, तोही नगरपालिकेकडून, त्यामुळे आपलं काय चुकलं हेच त्यांना आधी कळेना. साहेब खुशीत होते. समितीला इमारत बेताचीच आवडली होती. लीडिंग फार आवडले होते. पहिल्या फेरीत शहर निवडलं गेलं होतं. आता बंबखान्याचं अनुभव केंद्र होणार, आणि त्यात लीडिंग रोज मधल्या दरवाजामागे बसणार, येणाऱ्या-जाणाऱ्यांना रिपोर्ट देणार. प्रस्तावात त्यांना 'जिवंत घटक' असं नाव दिलं होतं. आणि घटकाला घरी न्यायला-आणायला माणूस लागणार, म्हणून टेलिफोनची खोलीही जशीच्या तशी राहणार, बाईंसकट.

"बदली?" बाईंनी विचारलं.

"कसली बदली? तुम्ही आता प्रकल्पात आहात. काम चालू असतानासुद्धा तुमच्या खोलीला हात लागायचा नाही. फक्त महिनाअखेर समिती पुन्हा येईल. तेव्हा ते परवासारखे आले पाहिजेत. रोज येतातच म्हणा."

बाईंनी गुच्छ वायरलेसवर ठेवला. त्यांना हसू येत होतं आणि ते कुठे ठेवावं कळत नव्हतं. मग त्यांना आठवलं, आणि त्यांनी साहेबांना सांगितलं, की लीडिंग त्या दिवसापासून आलेले नाहीत.

ते खरंच येत नव्हते. सकाळी बाई निघताना म्हणाल्या होत्या, "बाबा, यायचं ना?" तर ते म्हणाले, "कुठे?" कोट खुंटीला होता. बूट पलंगाखाली. ते गॅलरीत बसत, चहा थंड होईपर्यंत हातात धरत, आणि रस्त्याकडे बघत. रस्त्यात पाहण्यासारखं काय आहे, हे त्यांना नुकतंच कळायला लागल्यासारखं.

साहेब स्वतः जिना चढून गेले. आधी विनंती केली. मग म्हणाले की वरून हुकूम आहे. लीडिंगनी त्यांना नीट बसायला खुर्ची दिली आणि सांगितलं की हुकूम ड्यूटीवरच्या माणसाला देतात.

"मग या की ड्यूटीवर," साहेब म्हणाले.

"चार्ज दिला मी."

"परत घ्या."

"दिलेला चार्ज परत घेतात होय?" लीडिंग म्हणाले. "कुठल्या केंद्राचे तुम्ही? नवीन दिसता."

साहेबांच्या नोकरीला पंचवीसेक वर्षं झाली असतील. ते खाली उतरले आणि बाईंना म्हणाले की तुमचे सासरे आडमुठे आहेत. सल्लागाराने सुचवलं की तारखेपुरतं त्यांना काहीतरी सांगून आणता येईल, आग लागली वगैरे. साहेब म्हणाले, असं खोटं कसं सांगायचं? आणि मग जरा थांबून बाईंना म्हणाले, कसं सांगायचं?

कसं सांगायचं हे बाईंना माहीत होतं. सांगायचं काहीच नव्हतं. तिन्ही लाल दरवाजे एकदम उघडायचे, बस. एकेक नाही, एकदम. ते त्या दिवशी का धावत आले, हे साहेबांनी विचारलं नव्हतं आणि सल्लागाराला सुचलं नव्हतं. ते शहरात फक्त बाईंना आणि टेलरवहिनींना माहीत होतं, आणि टेलरवहिनींना ते महत्त्वाचं वाटलं नव्हतं.

त्यानंतर बाईंच्या डोक्यात सगळी कालवाकालव झाली. इतके दिवस त्यांना धास्ती होती ती ते घराबाहेर पडतात याची. आता ते पडत नव्हते. म्हणजे बदली झाली तरी हरकत नव्हती. पण ते पडत नव्हते म्हणूनच बदली होणार होती. आणि ते पडले, तर बदली होणार नव्हती, पण मग पुन्हा रोज पायजमा, कोट, बूट आणि न बघता ओलांडलेला रस्ता. बाईंनी हे उलट-सुलट करून बघितलं. टेलरवहिनींना विचारलं, त्या म्हणाल्या, देव जाणे, पण घरी बसल्यापासून त्यांचं तोंड उजळलंय. नवऱ्याला विचारलं, तो म्हणाला, बाबांना विचार. बाबांना विचारलं, तर त्यांनी बाईंच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि म्हणाले की तुम्ही फार दमता.

ते 'तुम्ही' म्हणाले होते. सुनेला ते आजवर तू म्हणत. बाईंनी ते ऐकलं आणि भांडी घासायला गेल्या.

समिती पुन्हा यायच्या दिवशी बाई लवकर गेल्या. दरवाजांना आतून एकच लांब अडसर होता, जुन्या लोकांनी मुद्दाम केलेला: तो ओढला की तिन्ही सुटतात. बाईंनी त्यावर हात ठेवला. लोखंड गार होतं. त्यांनी ओढला, अर्धा सरकला, आणि दोन दरवाजांच्या फटीतून समोरची गॅलरी दिसली.

लीडिंग गॅलरीत बसले होते. बरोबर दरवाजांकडेच तोंड करून. पाय उचलून त्यांनी कठड्यावर ठेवले होते, अनवाणी, आणि उन्हात बोटं हलवून ती आपलीच आहेत ना हे बघत होते. इतक्या वर्षांत ते पाय बाईंनी दिवसाढवळ्या बुटाबाहेर पाहिले नव्हते. पांढरे फटक होते. लहान मुलाचे असावेत तसे.

फट आणखी रुंद झाली असती तर त्यांना दिसलं असतं.

बाईंनी अडसर मागे लोटला. तो जाताना जड जातो, दोन्ही हात लावावे लागले.

साहेब आले तेव्हा त्या खोलीत होत्या. काही इलाज, त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, "नाही हो. काहीच नाही." सपाट आवाजात म्हणाल्या, साहेबांनी मान हलवली आणि फोन काढला.

करवसुली विभागात एक शिपाई होता, हौशी नाटकांत कामं करणारा. त्याला नवा कोरा खाकी कोट घालून मधल्या दरवाजामागे बसवलं. रिपोर्ट त्याला सल्लागाराने लिहून दिला होता. त्याने तो इतक्या भावनेने म्हटला की होज सुकत घातलेत या वाक्याला समितीतल्या एकाचे डोळे भरून आले. हा माणूस तोच का, असं कोणी विचारलं नाही, कारण दोघा पुरुषांनी मागच्या वेळी भिंतीच बघितल्या होत्या, आणि मॅडम या वेळी आल्या नव्हत्या. त्यांची बदली झाली होती.

अनुदान मंजूर झालं. शिपायाला कायमचं तिकडे घेतलं. करवसुलीपेक्षा त्याला ते मानवलं. तो काही सासरा नसल्यामुळे त्याला न्यायला-आणायला सून लागत नव्हती, म्हणून टेलिफोनच्या खोलीचा पुन्हा विचार झाला. खोली ठेवायची ठरली, टेलिफोनही ठेवायचा ठरला, फक्त कोणीही पाहुण्याने रिसीव्हर उचलला की आतून आवाज यावा. एक दिवस माणसं आली आणि त्यांनी बाईंकडून 'पत्ता सांगा, आधी पत्ता' हे पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं. जरा काळजीने म्हणा, असं ते सांगत होते. बाईंना तसं म्हणता येईना. शेवटी त्यांनी आहे तसंच घेतलं. अशा रीतीने आवाज बंबखान्यात राहिला आणि बाकीच्या बाईंची बायपासला बदली झाली.

नव्या केंद्रात त्यांची जागा तळमजल्यावर, काचेच्या खोलीत होती. काचेतून दुसरी काच दिसे. तिथल्या मुली चांगल्या होत्या. मावशी म्हणत, डबा वाटून खात. दर थोड्या वेळाने बाईंची मान डावीकडे वळे. शेजारच्या मुलीला वाटलं की त्यांना मानेचा त्रास आहे. तिने एक मलम आणून दिलं. बाईंनी ते लावलं.

संध्याकाळी दुसरी बस उशिरा आली. टेलरवहिनींनी खालूनच सांगितलं की दिवसभर काही त्रास नाही, जागचे हलले नाहीत, विचारलं तेवढं बोलले. समोर बंबखान्यावर हिरवं कापड चढलं होतं, बांधकामाला लावतात तसं, आणि ते वाऱ्याने आत-बाहेर होत होतं.

बाई जिना चढून वर आल्या आणि शेवटच्या पायरीवर थांबल्या, कारण लीडिंग दारात उभे होते. त्यांनी बाईंच्या पर्सकडे, चपलांवरच्या धुळीकडे बघितलं.

"कुणाकडे आलात?" त्यांनी विचारलं.

"तुमच्याकडेच," त्या म्हणाल्या.

"मग या की. बसा." ते बाजूला झाले. "मी रजेवरच आहे सध्या."

बाई गॅलरीतल्या खुर्चीवर बसल्या. आत भांड्यांचा आवाज झाला. एक पडलं, एक सापडलं. या घरात लीडिंगनी आजवर स्वतःच्या हाताने पाणी घेतलेलं कुणी पाहिलं नव्हतं, दुसऱ्याला देणं तर लांबच. ते दोन्ही हातांत पेला धरून, एकेक पाऊल टाकत आले. अर्धं वाटेत सांडलं होतं. पेला त्यांनी बाईंच्या हातात दिला आणि त्या पिईपर्यंत समोर उभे राहिले.